बास गिटारसाठी ॲम्प्लिफायर घेताना



घरात नातू किंवा नात बास गिटार शिकायला लागली की लवकरच दुसरी मागणी येते, “आजी, आता ॲम्प्लिफायर पाहिजे!” पैसे बहुधा आजी-आजोबांच्या खिशातून जातात, आणि वाजवणार मुलं. म्हणून हे दोघांनीही वाचावे.

बास गिटारला बहुधा चार जाड तारा असतात. सगळ्यांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, म्हणजे फारच खालचा. तो नीट ऐकू यायला स्पीकरला भरपूर हवा हलवावी लागते. साध्या गिटारच्या लहान ॲम्प्लिफायरवर बास जोरात वाजवली तर आवाज फाटतो, स्पीकरही बिघडू शकतो. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणली, आणि १९५२ साली तिच्यासाठी बासमन नावाचा वेगळा ॲम्प्लिफायर काढला. तेव्हा बासला बासचाच घ्यावा.

दुकानात पहिली गोष्ट निघते ती वॅटची. ५० च्या जागी १०० वॅट घेतले म्हणजे आवाज दुप्पट होतो असे नाही; जेमतेम ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. म्हणून नुसत्या आकड्यावर पैसे घालू नका. घरी शिकायला १५ ते ३० वॅट आणि ८ किंवा १० इंची स्पीकर पुरे. हेडफोन लावायची सोय मात्र हवीच, म्हणजे दुपारी शेजारी झोपलेले असले तरी सराव चालतो. ड्रमबरोबर वाजवायचे असेल तर २०० ते ३०० वॅट धरा. हॉलमध्ये मोठी साउंड सिस्टिम असेल तर ॲम्प्लिफायरमधून वायर काढून तिला जोडता येते; तशी सोय आहे का ते विचारून घ्या.

वजनही विचारा. अँपेग कंपनीच्या १९६९ सालच्या ३०० वॅटच्या एसव्हीटीची आठ स्पीकरची पेटी ६० किलोच्या वर भरते. आता तेवढ्याच वॅटचे हेड दोन-तीन किलोत मिळते. स्पीकरची पेटी वेगळी. लिफ्ट नसलेल्या घरात हा फरक पाठीला कळतो!

अमेरिकेतून कुणी आणून देत असेल तर मागची पाटी आधी वाचा. तिकडे १२० व्होल्ट, आपल्या इस्राएलात २३०. नुसता प्लग बदलून भागत नाही, यंत्र जळते. दोन स्पीकर-पेट्या जोडायच्या असतील तर ओहमही पाहा. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ होतात. ॲम्प्लिफायरला ४ चालतात असे लिहिलेले नसेल तर जोडू नये.

आता नर्स म्हणून थोडे सांगते. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास चालतो असे धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे! वाजवून आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो इशारा समजा. मुलांनो, बँडमध्ये कानात प्लग घालायला लाजू नका.

म्हातारपणी आधी वरचे सूर जातात. स, श, फ ही अक्षरे नीट कळत नाहीत, पण बासचा धमधमाट मात्र पूर्ण ऐकू येतो. शिवाय मोठा खालचा आवाज बोलणे झाकून टाकतो. म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये आजी नुसती मान हलवते. तिला शब्दच लागत नाहीत.

यावर उपाय फुकटचा आहे. ॲम्प्लिफायर कोपऱ्यात ठेवू नका, तिथे खालचे सूर फुगतात. तो मजबूत स्टुलावर ठेवा किंवा थोडा वर कलता करा, म्हणजे आवाज वाजवणाऱ्याच्या गुडघ्याला नव्हे, कानाला पोचेल आणि बटण कमी फिरवावे लागेल. मग एखाद्या आजोबांना मागच्या रांगेत बसवून त्यांच्याशी बोलून पाहा. बोलणे समजले, तर आवाज बरोबर लागला.