पुस्तक चांगले, पण कोणासाठी?

घरी वाडवळी किंवा कादोडी, शाळेत प्रमाण मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी पुस्तक. वसई-विरारमधली अनेक मुले संगणकाच्या भाषेपर्यंत या वाटेने पोहोचतात. म्हणून प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाचा दर्जा ठरवताना आधी विचारावे, ते कोणासाठी लिहिले आहे?

कर्निघन आणि रिची यांचे ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ (१९७८) हा या विषयातला आदर्श मानला जातो. सव्वादोनशेच्या आसपास पानांत सगळी भाषा मावली आहे. पण वाचकाला चल, लूप, फंक्शन यांची तोंडओळख असावी, असे प्रस्तावनेतच सांगितले आहे. नवख्याला ते कठीण गेले तर तो दोष पुस्तकाचाही नाही आणि मुलाचाही नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने नेमका हा नवखा वाचक समोर ठेवला. भारतभर ते खपले, त्याचे एक कारण हेच.

दुसरी कसोटी काळाची. आपल्याकडच्या अनेक जुन्या पुस्तकांतले प्रोग्रॅम ‘टर्बो सी’साठी लिहिलेले आहेत. त्यांतली ‘कोनिओ.एच’ ही फाइल प्रमाणित सी भाषेचा भाग नाही. लिनक्सवरच्या ‘जीसीसी’ला ती सापडत नाही आणि पहिलाच प्रोग्रॅम अडतो. विद्यार्थ्याला मात्र वाटते, आपल्यालाच जमत नाही.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची: पुस्तक चुकांविषयी बोलते का? सी भाषेत एका ओळीअखेरचा अर्धविराम राहिला, तर कंपायलर पुष्कळदा पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो. हे कोणी सांगितले नसेल, तर मूल निर्दोष ओळ तासभर तपासत बसते.

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. त्यातल्या साधारण दहा मिनिटांच्या पाठांत निवेदन मराठीतही मिळते, पडद्यावरचा प्रोग्रॅम मात्र इंग्रजीतच राहतो. ही विभागणी योग्य आहे, कारण नोकरीत प्रोग्रॅम इंग्रजीतच लिहायचा असतो. समजून घ्यायला तेवढी आपली भाषा लागते. शिवाय पाठाची संहिता आधी नवख्या माणसाकडून तपासून घेतली जाते. बहुतेक पुस्तके तज्ज्ञ तपासतात. तज्ज्ञाला गाळलेली पायरी दिसत नाही, कारण ती त्याच्या अंगवळणी पडलेली असते.

मुलांसाठी पुस्तक घेताना पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात: प्रस्तावनेतला अपेक्षित वाचक, आजच्या संगणकावर चालणारा पहिला प्रोग्रॅम आणि चुकांवर खर्चलेली पाने. मुलगा ‘ढ’ आहे असे ठरवण्याआधी एवढे पाहणे आपले काम आहे.