कोरड्या उन्हातला गारवा

मे महिन्यात दारव्हा, घाटंजी किंवा पांढरकवड्याच्या आठवडी बाजारात सकाळी तरतरीत दिसणारी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी दुपार होता होता मान टाकते. ती सडलेली नसते, तिच्यातलं फक्त पाणी उडालेलं असतं. पालेभाजीत जवळपास ९० टक्के पाणीच असतं. वजनाच्या पाच-दहा टक्के पाणी गेलं तरी गिऱ्हाईक जुडीला हात लावत नाही. मग पसरा आवरताना मिळेल त्या भावात द्यायची, नाहीतर गुरांपुढे टाकायची.

खुडलेली भाजी मेलेली नसते. ती श्वास घेत असते, साठवलेली साखर जाळत असते आणि त्यातून स्वतःच उष्णता सोडत असते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा श्वास साधारण दुप्पट-तिप्पट वेगानं चालतो. टोपल्यात दाबून भरलेली मेथी आतून गरम लागते ती यामुळेच.

आता विक्रेते टोपल्यावर टाकतात ते ओलं गोणपाट बघा. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. तेच लिटरभर पाणी बर्फासारख्या गारव्यापासून उकळीपर्यंत न्यायला जेमतेम १०० लागतात! आणि हवा जितकी कोरडी, तितकं हे ओढणं जोरात. यवतमाळचा पारा ४२ वर आणि हवेतली आर्द्रता २० टक्के असेल, तर नुसत्या बाष्पीभवनानं तापमान २४ अंशांच्या आसपासपर्यंत खाली येऊ शकतं. जी हवा भाजी सुकवते, तीच तिला गार ठेवायची ताकद बाळगून असते. मला यापरतं नवल दुसरं वाटत नाही. विदर्भात वाळ्याच्या ताट्या आणि कूलर घरोघरी चालतात, आणि दमट मुंबईत तोच कूलर निकामी ठरतो, तो याच कारणानं.

दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. के. रॉय आणि डी. एस. खुर्डिया यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या तत्त्वावर विटांचा एक हौद बांधला. दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत नदीची वाळू. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर ओलं झाकण, त्यावर सावलीला छप्पर. आत साधारण १०० किलो माल मावतो. उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरपेक्षा १० ते १५ अंशांनी कमी आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात राहते. विजेचा एक युनिटही लागत नाही. म्हणूनच नाव शून्य ऊर्जा शीतकक्ष.

तिकडे नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकानं मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवून मधे ओली वाळू भरली. तीन दिवसांत खराब होणारी वांगी त्यात २७ दिवस टिकली. २००० साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

वांग्यांचं तर आणखी एक आहे. १० अंशांच्या खाली ठेवलं की त्यांना थंडी बाधते: सालीवर खड्डे पडतात, आतल्या बिया काळ्या होतात. म्हणजे महागड्या फ्रिजपेक्षा विटांचा हौदच त्यांना जास्त मानवतो.

एका एका विक्रेत्याला हा हौद बांधणं जड जाईल, कारण त्याचा बाजार रोज वेगळ्या गावी. बाजारतळावर सामायिक, नाहीतर आज उरलेला माल उद्याच्या बाजारापर्यंत ठेवायला घरामागे, हेच मला व्यवहार्य वाटतं. पावसाळ्यात त्याच्यावर भिस्त ठेवू नये: ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत गारवा जेमतेम तीन अंशांचा. खरी अडचण मे महिन्यातल्या पाण्याची. जिथे माणसं टँकरची वाट पाहतात, तिथे वाळूवर ओतायला हंडा कुठून आणायचा? भाजी धुतलेलं पाणी फडक्यातून गाळून वाळूला दिलं तर चालतं, आणि ते बाजारात रोज मातीत जातंच आहे.