पेन्शनचा हिशोब पाहतो कोण?

समजा, सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर एक गुरुजी आहेत. पगारातून दरमहा 5000 रुपये भविष्य निर्वाह निधीसाठी कापले जातात. पगारबिलाला जोडून कोणाचे किती कापले याचे शेड्यूल जाते आणि ते बुलढाण्याला, जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात पोहोचले की रक्कम गुरुजींच्या खात्यावर चढते. एखाद्या महिन्याचे शेड्यूल वाटेतच राहिले तर पैसे बँकेत जमा होतात, गुरुजींच्या नावावर मात्र काहीच दिसत नाही. कार्यालयात याला ‘मिसिंग क्रेडिट’ म्हणतात. सध्याच्या 7.1 टक्के व्याजाने चक्रवाढ धरली, तर चुकलेल्या त्या एका हप्त्याचे 12 वर्षांत 11000 च्या वर रुपये होतात. गुरुजींना हे कळते बहुधा निवृत्तीच्या तोंडावर. तोवर संबंधित लिपिकाच्या दोन-तीन बदल्या होऊन गेलेल्या असतात.

बुलढाणा जिल्ह्यात 13 तालुके, म्हणजे अशी शेड्यूले 13 पंचायत समित्यांकडून येणार. वर्ष संपले की या सगळ्या जमाखर्चाचे वार्षिक लेखे होतात. पंचायत समितीचे लेखे गटविकास अधिकारी पाठवतो, मुख्य लेखा व वित्त अधिकारी ते जिल्हा परिषदेच्या लेख्यांत मिळवतो, अर्थ समिती ते पाहते आणि मग सर्वसाधारण सभा मंजुरी देते. 1961 च्या महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाने यासाठी तारखाच घालून दिल्या आहेत. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचे लेखे 30 सप्टेंबरपर्यंत मंजूर व्हायचे आणि 15 नोव्हेंबरपर्यंत शासकीय राजपत्रात यायचे. राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदा या तारखा पाळत नाहीत, असे देशाच्या महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालांत वेळोवेळी नोंदवले आहे.

तपासणी करते स्थानिक निधी लेखापरीक्षा हे राज्याच्या वित्त विभागाचे खाते, 1930 च्या मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्याच्या आधारे. म्हणजे कायदा इंग्रजांच्या काळातला. त्या वेळी बुलढाणा मुंबई प्रांतात नव्हताही. तो वऱ्हाडात, मध्य प्रांताच्या कारभाराखाली होता. 1948 नंतर इथे जनपद सभा आल्या आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषद.

लेखापरीक्षक येतात तेव्हा टेबलावर आधी येते रोकडवही. कॅशबुकातली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक जुळते का, हे पाहिले जाते. जुळत नसेल तर ताळमेळ पत्रक मागितले जाते. प्रमाणके क्रमाने लावलेली आहेत का? निधीच्या एकूण जमेचा आणि खातेनिहाय उताऱ्यांचा मेळ बसतो का? पेन्शनच्या बाबतीत आणखी वेगळे प्रश्न असतात. हयातीचा दाखला घेतला का? निवृत्तिवेतनधारक वारल्यावरही रक्कम जात राहिली का? अंशराशीकरण केलेला, म्हणजे आधीच एकरकमी घेतलेला, भाग 15 वर्षांनी पूर्ववत झाला का? यातला शेवटचा प्रश्न माणसाच्या बाजूचा आहे. त्याच्या हक्काचे राहून गेलेले पैसेही तपासणीतच सापडतात, नुसते अतिप्रदान नाही.

चूक दिसली की आक्षेप निघतो. जिल्हा परिषदेने त्याचे अनुपालन करायचे, पुरावा जोडायचा, म्हणजे अहवालातला त्या आक्षेपाचा परिच्छेद निकाली निघतो. खरी गाडी अडते ती इथे. आक्षेप काढणारा आपले काम करून जातो, उत्तर देणाऱ्याची बदली होते आणि परिच्छेद पुढच्या वर्षीच्या अहवालात प्रलंबित म्हणून पुन्हा छापला जातो. राज्यभरच्या अशा अहवालांचा एकत्रित पुनर्विलोकन अहवाल विधिमंडळापुढे जातो आणि आमदारांची पंचायती राज समिती जिल्ह्यात येऊन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेते. समितीचा दौरा ठरला की वर्षानुवर्षे न सापडलेले कागद आठवड्यात सापडतात, ही जिल्हा परिषदांच्या आवारातली जुनी थट्टा आहे. एक गोष्ट कमी बोलली जाते: हिशोब ठेवणारे वित्त अधिकारी आणि तो तपासणारे अधिकारी बरेचदा एकाच महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतले असतात. आज तपासणारा उद्या ठेवणारा होऊ शकतो. यात गैर काही नाही, पण तिऱ्हाईत नजर हवी असेल तर ती इथे अपुरी पडते.

इंग्लंडमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी गुंतवलेला खराखुरा पेन्शन निधी असतो आणि त्याचा वार्षिक अहवाल 1 डिसेंबरपर्यंत प्रसिद्ध करावा लागतो. बुलढाण्याच्या जुन्या पेन्शनधारकांमागे अशी गंगाजळी नाही. त्यांचे निवृत्तिवेतन राज्याच्या अनुदानातून येते. अनुदान लांबले की पेन्शनही लांबते. त्यामुळे इथला लेखापरीक्षक तपासतो ते अनुदान किती आले, किती वाटले आणि उरलेले कुठे पडून आहे.

‘कुठे’ हा प्रश्न या जिल्ह्यात सहज टाळता येण्यासारखा नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या 23 विनापरवाना जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या पुनरुज्जीवनाला मंजुरी दिली. त्यांतल्या महाराष्ट्रातल्या 3 बँका होत्या नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. बँकेच्या शिक्क्यानिशी कागदावर शिल्लक दिसणे आणि ती हवी तेव्हा हाती येणे यातला फरक इथल्या ठेवीदारांना कोणी समजावून सांगायला नको.

1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे नोकरीला लागलेल्यांचे गणित निराळे आहे. त्यांच्यासाठी आधी परिभाषित अंशदान योजना आणि पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आली. कर्मचाऱ्याचे 10 टक्के आणि शासनाचा वाटा, जो एप्रिल 2019 पासून 14 टक्के झाला. योजना बदलताना जुन्या कपातीचा हिशोब, शासनहिस्सा आणि व्याज यांची जुळवणी करणे हे कार्यालयांच्या मानगुटीवर बसलेले काम ठरले. मार्च 2023 मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले कर्मचारी 14 ते 20 तारखेपर्यंत संपावर गेले. घोषणा पेन्शनच्या रकमेची होती. हिशोबाची चिठ्ठी हाती न पडल्याचा रागही त्यात होता, असे मानायला जागा आहे.

लेखे मंजूर करण्याच्या साखळीत गेल्या काही वर्षांत एक कडी गळाली. फेब्रुवारी 2017 मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि जिल्हा परिषदेवर प्रशासक आला. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक. म्हणजे ज्यांच्या हाताखाली लेखे तयार झाले, त्यांनीच ते मंजूर करायचे. सभागृहात एखादा सदस्य उठून ‘आमच्या तालुक्यातल्या शिक्षकांच्या पावत्या कुठे आहेत?’ असे विचारायचा. ती सोय राहिली नाही. लेखापरीक्षा झाली तरी त्या प्रश्नाची जागा ती घेत नाही, कारण लेखापरीक्षक नमुन्यादाखल प्रमाणके तपासतो, प्रत्येकाचे खाते उघडून बसत नाही.

तेव्हा भविष्य निर्वाह निधीची वार्षिक पावती आली की ती कपाटात टाकू नका. 12 महिन्यांच्या पगारपत्रकांशी ताडून पाहा आणि एक जरी हप्ता गळला असेल तर त्याच वर्षी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. जिल्हा परिषदेचा लेखापरीक्षा अहवाल आणि त्यावरचे अनुपालन माहिती अधिकारात मागता येते. उत्तरासाठी कायद्याने 30 दिवस दिले आहेत.