१३७ चं पीक

सकाळी ९.००
करवंद नाक्यावरून थेट स्टाफरूम गाठते. काल संध्याकाळी पवईहून, आयआयटीच्या प्रयोगशाळेतून, मिरचीचे मास स्पेक्ट्रम आलेत. एम.फार्म.च्या एका विद्यार्थिनीने दोंडाईच्याच्या बाजारातली लाल मिरची आणून तिचा अर्क पाठवला होता. कागदावर १३७ पाशी उंच रेघ, म्हणजे पीक, आहे, उजवीकडे ३०५ पाशी एक बारकी.

१०.००
तास. फळ्यावर अ‍ॅसिटोफिनोन. ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन येतो आणि रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवतो. त्याला साधारण १० पुरतात, पण थोडी जास्तीची ऊर्जा रेणूतच राहते आणि बंध तुटू लागतात. १२० चा मूळ आयन मिथाइल टाकतो, १०५ उरतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड गेला की ७७.

मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “मॅडम, मग ते गेलेलं १५ कुठे दिसतं?”

फार बरा प्रश्न. ज्या तुकड्यावर भार नाही त्याला विद्युतक्षेत्र हलवू शकत नाही. तो पंपाने ओढला जातो. आपल्या हाती येतात ते भारित तुकडे, बाकीचे वजाबाकी करून ओळखायचे. वजाबाकीची ही सवय लागली नाही, तर हा विषय पोरांना पाठांतराचा वाटतो, याचं मला वाईट वाटतं.

१.००
डबा. कळण्याची भाकरी आणि भरीत.

१.३०
विद्यार्थिनी येते. “मॅडम, स्पेक्ट्रमच्या लायब्ररीने कॅप्सेसिन दाखवलंय. मॅच नव्वदच्या वर आहे.”

“स्क्रीन राहू दे. पेन्सिल घे.”

ती रचना काढते. ३०५ विषम, म्हणजे नायट्रोजनची संख्या विषम. इथे एकच आहे. १३७ कुठून आलं? नायट्रोजन आणि त्याला लागून असलेला सीएच-टू यांच्यातला बंध तुटला. भार वलयाच्या बाजूला राहिला, कारण समोरच्या हायड्रॉक्सीचा ऑक्सिजन तो सांभाळून घेतो. आठ कार्बन, नऊ हायड्रोजन, दोन ऑक्सिजन: ९६, ९ आणि ३२. बरोबर १३७.

“आणि १९५?”

ती अडते. हे माझं आवडतं पीक. कार्बोनिलचा ऑक्सिजन शेपटीतला तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो आणि साखळी मध्येच तुटते. फ्रेड मॅक्लाफर्टी यांनी १९५० च्या दशकात, डाऊ केमिकलमध्ये असताना, ही पुनर्रचना नीट उलगडून दाखवली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ३०५ मधून १९५ वजा केले की ११०.

आता क्रोमॅटोग्रामवरचं पुढचं, मागून निघालेलं पीक उघडायला सांगते. पुन्हा १३७, पुन्हा १९५. तिचा चेहरा पडतो. “मॅडम, हे पण कॅप्सेसिनच?”

“उजवीकडे बघ.”

३०७. वजाबाकी ११२. दोन हायड्रोजन जास्त: शेपटीतला दुहेरी बंध नाही. हे डायहायड्रोकॅप्सेसिन. मिरचीत दोन्ही असतात, दोन्ही जिभेला झोंबतात आणि दोन्हींचं वलय सारखंच, म्हणून १३७ त्यांना वेगळं करू शकत नाही. ते काम ३०५ आणि ३०७ या बारक्या रेघा करतात.

४.३०
ती प्रबंधातलं ‘१३७ वरून कॅप्सेसिन सिद्ध झाले’ हे वाक्य खोडते आणि तक्त्यात मूळ आयनाचा रकाना वाढवते. प्रमाणित कॅप्सेसिन त्याच कॉलमवर चालवून बाहेर पडण्याची वेळ जुळते का, तेही पाहायला हवं. पवईला पाठवायच्या पुढच्या नमुन्यांत त्याचीही एक बाटली ठेवायची असं ठरतं.