डोळ्यावरचें मऊ भिंग

सबजाचें बीं पाण्यांत भिजत घातलें म्हणजे थोड्याच वेळांत तें फुगतें व त्याभोंवतीं एक पारदर्शक, बुळबुळीत वेष्टन तयार होतें, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं घरीं पाहिलेंच असेल. तें वेष्टन पाण्यानें भरलेलें असतें, पण पाण्यासारखें वाहून जात नाहीं. तें घन आहे, पण दगडासारखें कठीण नाहीं. अशा पदार्थास रसायनशास्त्रांत ‘हायड्रोजेल’ असें म्हणतात. चष्म्याऐवजीं डोळ्यावरच बसविण्याचें जें मऊ भिंग आज कित्येक तरुण वापरतात, तें अशाच एका कृत्रिम जेलाचें केलेलें असतें. हें भिंग कसें निर्माण झालें व त्यासाठीं एका संशोधकानें काय सोसलें, तें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम अडचण काय होती तें पाहूं. डोळ्याच्या अगदीं पुढच्या भागीं पारपटल नांवाचा एक स्वच्छ पडदा असतो. प्रकाश आंत जावा म्हणून त्यांत रक्तवाहिन्या नसतात. शरीराच्या इतर भागांस प्राणवायु रक्तांतून मिळतो. पारपटलास मात्र तो मुख्यतः हवेंतून, अश्रूंच्या पातळ थरांत विरघळून मिळतो. अशा नाजूक पडद्यावर कांच ठेवली तर काय होईल? १८८८ सालीं आडोल्फ फिक यांनीं कांचेच्या भिंगांचे प्रयोग प्रसिद्ध केले. पण तीं भिंगें जड असून फार वेळ सोसवत नसत. पुढें कठीण प्लास्टिकचीं भिंगें निघालीं. तीं हलकीं होतीं, परंतु त्यांतून प्राणवायु जवळजवळ जात नसे व डोळ्यांत खडा गेल्याप्रमाणें पुष्कळांस तीं खुपत.

हा प्रश्न ज्यांनीं सोडविला ते ओटो विख्तेर्ले हे चेक रसायनशास्त्रज्ञ होत. त्यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१३ रोजीं मोराव्हियांतील प्रोस्त्येयोव या गांवीं झाला. प्राग येथें त्यांचें शिक्षण झालें. १९३९ सालीं जर्मनांनीं चेक विद्यापीठें बंद केलीं, तेव्हां त्यांना झ्लीन येथील बाटा कारखान्यांत आश्रय मिळाला. ज्या बाटाचे जोडे आपल्याकडेही घरोघर माहीत आहेत, तोच हा कारखाना. तेथें त्यांनीं नायलॉनसारखा एक कृत्रिम धागा तयार केला. १९४२ मध्यें जर्मन गुप्त पोलिसांनीं त्यांना तुरुंगांत टाकलें. कांहीं महिन्यांनीं त्यांची सुटका झाली.

१९५२ सालची गोष्ट. आगगाडींत त्यांच्याशेजारीं आरोग्य खात्याचे एक अधिकारी बसले होते व डोळ्याच्या जागीं धातूचा भाग बसविण्याविषयीं कांहीं वाचीत होते. विख्तेर्ले यांच्या मनांत आलें कीं, जिवंत शरीराशीं धातूचें सख्य कसें जमावें? शरीर तर पाण्यानें भरलेलें. तेव्हां त्यास साजेल असा पदार्थही पाणी धरून ठेवणारा, मऊ व पारदर्शक हवा. त्यांनीं व त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लीम यांनीं असा पदार्थ शोधून काढला व १९६० सालीं त्याची माहिती ‘नेचर’ या प्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकांत दिली.

या पदार्थाची रचना मोठी मनोरंजक आहे. कठीण भिंगांच्या प्लास्टिकचाच हा एक भाऊबंद. दोहोंतही लहान लहान रेणु एकामागून एक जोडले जाऊन लांब साखळ्या होतात. परंतु या नव्या पदार्थाच्या साखळ्यांना जागोजागीं पाण्याची ओढ असलेले गट चिकटलेले असतात. म्हणून त्या पाणी शोषून घेतात. मग त्या पाण्यांत विरघळून कां जात नाहींत? तर त्या एकमेकींस मधूनमधून आडव्या धाग्यांनीं बांधलेल्या असतात. कोळ्याचें जाळें पाण्यांत पसरतें पण सुटत नाहीं, तसाच हा प्रकार. फुगलेल्या जेलाच्या १०० भागांत सुमारें ३८ भाग पाणीच असतें, आणि त्या पाण्यांत विरघळून प्राणवायु पारपटलापर्यंत पोंचतो.

पदार्थ मिळाला, पण भिंग कांहीं केल्या नीट होईना. बंद साच्यांत ओतलेल्या भिंगांच्या कडा फाटत. अधिकाऱ्यांचा धीर सुटला व संस्थेंतील हें काम बंद पडलें. विख्तेर्ले यांचा मात्र सुटला नाहीं. १९६१ च्या नाताळांत त्यांनीं आपल्या घरच्या टेबलावरच कारखाना थाटला. मुलांच्या खेळांतल्या ‘मेर्कुर’ नांवाच्या धातूच्या पट्ट्या व चाकें, सायकलच्या दिव्याचा डायनामो आणि घंटेचा ट्रान्सफॉर्मर, एवढीच काय ती सामग्री! कल्पना मात्र अपूर्व होती. तांब्यांतलें पाणी जोरानें गोल फिरविलें असतां मध्यें खोलगट होतें व कडेस वर चढतें. त्याचप्रमाणें उघड्या साच्यांत रसायनाचे थोडे थेंब घालून साचा गरगर फिरविला कीं, वरची बाजू आपोआप खोलगट होते व त्याच स्थितींत रसायन घट्ट होतें. भिंगाची बाहेरची बाजू साच्यानें ठरते, आंतली फिरण्याच्या वेगानें. वेग बदलला कीं भिंगाची शक्तिही बदलते. नाताळच्या आदल्या दिवशीं दुपारीं पहिलीं चार भिंगें हातीं आलीं. पुढच्या चार महिन्यांत त्यांनीं व त्यांच्या पत्नी लिंदा यांनीं घरींच ५,५०० भिंगें तयार केलीं.

१९६५ सालीं या शोधाचे हक्क अमेरिकेंतील एका कंपनीनें घेतले व १९७१ मध्यें तेथील सरकारनें हीं भिंगें विकण्यास परवानगी दिली. त्या धंद्यांत अपार पैसा मिळाला, परंतु शोधकाच्या पदरीं त्याचा अत्यल्प अंश पडला. उलट १९६८ सालीं स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या ‘दोन हजार शब्द’ या जाहीरनाम्यावर सही केल्याबद्दल त्यांना पुढें आपल्या संस्थेच्या संचालकपदास मुकावें लागलें. राज्यव्यवस्था पालटल्यावर १९९० सालीं त्यांच्या देशाच्या विज्ञान अकादमीचें अध्यक्षपद सन्मानानें त्यांच्याकडे आलें. १८ ऑगस्ट १९९८ रोजीं ते निवर्तले. ३८९९ क्रमांकाच्या लघुग्रहास त्यांचें नांव दिलेलें आहे.

शोध येथेंच थांबला नाहीं. १९९९ च्या सुमारास सिलिकोन मिसळलेलीं जेलें बाजारांत आलीं. त्यांतून प्राणवायु कितीतरी अधिक जातो. तथापि पालकांस व विद्यार्थ्यांस आमची एक सूचना आहे. जो पदार्थ पाणी शोषतो तो पाण्यांतली घाणही धरून ठेवतो. म्हणून भिंगें नेत्रवैद्याच्या सल्ल्यावांचून घेऊं नयेत. हात धुऊन, पुसून कोरडे केल्यावांचून त्यांना स्पर्श करूं नये. नळाच्या अगर विहिरीच्या पाण्यानें तीं कधींही धुऊं नयेत. तीं घालून पोहूं नये व वैद्याच्या आज्ञेवांचून झोंपूंही नये. डोळा लाल झाला किंवा दुखूं लागला तर भिंग तत्काळ काढून वैद्यास दाखवावें. थोड्या आळसानें दृष्टि गमावल्याचीं उदाहरणें घडलेलीं आहेत.

विद्यार्थिमित्रहो, आमच्या प्रयोगशाळेंत अमुक उपकरण नाहीं, तमुक यंत्र नाहीं, अशी तक्रार आपण पुष्कळदां करतों, आणि ती सर्वस्वी खोटीही नसते. परंतु दोन वेळां ज्याचें कार्यस्थान हिरावून घेतलें गेलें, त्या गृहस्थानें मुलांच्या खेळण्यांतून यंत्र उभें केलें, हेंही आपण विसरूं नये. यापुढें तांब्यांतलें पाणी फिरवतांना तें कडेस कां चढतें, एवढा प्रश्न जरी कोणी स्वतःस विचारला, तरी हा लेख लिहिल्याचें आम्हांस समाधान वाटेल.