खेळाडूची पारख

सन १९८६ मधील गोष्ट. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मुलींच्या फुटबॉलचा एक सामना सुरू होण्याच्या बेतात होता. मैदानाच्या कडेला ॲन्सन डोरन्स नावाचे प्रशिक्षक उभे होते. ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींच्या संघाला शिकवीत असत आणि त्याच वर्षी राष्ट्राच्या महिला संघाची धुराही त्यांच्याकडे आली होती. टेक्सास राज्यात चौदा वर्षांची एक विलक्षण खेळाडू आहे, तिला एकदा येऊन पाहावे, असे तेथील एका प्रशिक्षकांनी त्यांना कळवले होते. डोरन्स दूरचा प्रवास करून आले. परंतु ती मुलगी कोणती, हे आपणांस आधी सांगू नये, असे त्यांनी बजावले. आपल्या नजरेची परीक्षा त्यांना स्वतःच घ्यावयाची होती.

सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. कोणीतरी चेंडू मोकळ्या जागेत लांब टोलवला आणि त्याच्यामागे एक सडपातळ मुलगी अशी धावली, की आजूबाजूच्या मुली जागच्या जागी खिळून राहिल्या आहेत असे वाटावे. डोरन्स त्या प्रशिक्षकांकडे गेले आणि हीच का ती मुलगी, असे त्यांनी विचारले. ती तीच होती. तिचे नाव मिया हॅम. पुढे ही मुलगी जगातील श्रेष्ठ फुटबॉलपटूंमध्ये गणली गेली.

ही हकीकत ऐकून एखाद्यास वाटेल, की अंगी गुण असले म्हणजे पारखी आपण होऊन दारी येतो. परंतु थोडा विचार केला, तर त्यातील दुसरी बाजूही दिसू लागते. डोरन्स आले, ते त्यांना कोणीतरी कळवले म्हणून. आणि आल्यावर त्यांनी तिला ओळखले, ते तिने आधी कित्येक वर्षे मैदानावर घाम गाळला होता म्हणून. गुण अंगी असणे, ते योग्य माणसापर्यंत पोहोचणे आणि त्याच्या कसोटीस उतरणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील हजारो शाळकरी खेळाडूंना आजही या तीनही पायऱ्या चढाव्या लागतात.

ज्या खेळाला बहुतेक सारे जग फुटबॉल म्हणते, त्याला अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणतात. कारण तेथे फुटबॉल हे नाव चेंडू हातांत घेऊन धावण्याच्या एका वेगळ्याच खेळाला दिलेले आहे. तेथील हायस्कुलात साधारणतः चौदा ते अठरा वर्षांची मुले शिकतात. हायस्कूल संपल्यावर महाविद्यालयात जाण्याची वेळ येते. महाविद्यालयीन शिक्षण तेथे अतिशय महाग आहे. त्यासाठी काढलेले कर्ज कित्येकांना पुढे बरीच वर्षे फेडावे लागते. अशा वेळी खेळातील प्राविण्याबद्दल शिष्यवृत्ती मिळाली, तर घरावरील मोठा भार हलका होतो. म्हणून महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाची नजर आपल्यावर पडावी, अशी तेथील अनेक मुलामुलींची आणि त्यांच्या आईवडिलांची मनापासून इच्छा असते.

या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी सर्वांत मोठी संघटना १९०६ साली स्थापन झाली. एन.सी.ए.ए. या नावाने ती ओळखली जाते. तिच्याशी सुमारे अकराशे शिक्षणसंस्था जोडलेल्या आहेत. १९७३ पासून या संस्थांच्या तीन श्रेणी करण्यात आल्या. पहिल्या दोन श्रेणींत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येते. तिसऱ्या श्रेणीत ती देता येत नाही, तेथे विद्यार्थी केवळ आवडीने खेळतात. मुलींना मात्र ही वाट बऱ्याच उशिरा मोकळी झाली. सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करू नये, असा कायदा तेथे १९७२ साली झाला आणि त्यानंतर गावोगावच्या महाविद्यालयांत मुलींचे संघ उभे राहू लागले. १९८२ साली या संघटनेने मुलींसाठी फुटबॉलची पहिली अजिंक्यपद-स्पर्धा भरवली आणि ती डोरन्स यांच्याच संघाने जिंकली.

आता प्रशिक्षकाची अडचण लक्षात घेऊ. देश खंडप्राय, शाळा हजारो, आणि प्रशिक्षक एकटा, फार तर त्याच्या हाताखाली दोन-तीन साहाय्यक. त्यातून आणखी एक पेच असा, की बहुतेक राज्यांत शाळांचे सामने शरद ऋतूत होतात आणि नेमके त्याच महिन्यांत महाविद्यालयांचेही सामने असतात. शाळेच्या मैदानावर एखादा मुलगा अप्रतिम गोल करीत असतो, त्या वेळी प्रशिक्षक आपल्या संघासह परगावी खेळत असतो. म्हणून होतकरू खेळाडू शाळेबरोबरच एखाद्या क्लबातर्फेही खेळतात. महाविद्यालयांचा हंगाम संपला, की या क्लबांच्या मोठ्या स्पर्धा भरतात. एकाच ठिकाणी अनेक मैदानांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सामने चालतात. घडीच्या खुर्च्या घेऊन प्रशिक्षक कडेला बसतात. त्यांच्या हाती खेळाडूंची यादी असते आणि सदऱ्यावरील क्रमांक पाहून ते टिपणे करतात. एका मैदानावर अर्धा तास, की लगेच दुसऱ्या मैदानाकडे. अशी त्यांची धावपळ चालू असते.

अशा गर्दीत आपण होऊन कोणी आपल्याला शोधून काढील, असे मानून बसणे म्हणजे गवताच्या गंजीत पडलेल्या सुईने शोधणाऱ्याची वाट पाहत राहण्यासारखे आहे. म्हणून शहाणा खेळाडू प्रशिक्षकाला आधीच पत्र पाठवतो. हे पत्र आता ई-मेलने जाते. परंतु चांगल्या पत्राचे गुण मात्र पूर्वीचेच आहेत. ते आटोपशीर असावे. आपले नाव, शाळा व क्लब, हायस्कूल पुरे होण्याचे वर्ष, आपण आघाडीस खेळतो की बचावास, सदऱ्याचा क्रमांक, परीक्षेतील गुण आणि येत्या स्पर्धेत आपला सामना कोणत्या दिवशी, किती वाजता व कोणत्या मैदानावर आहे, एवढे त्यात नीट लिहावे. त्याच महाविद्यालयात आपणांस का शिकावयाचे आहे, हेही दोन वाक्यांत सांगावे. एकच मजकूर पन्नास ठिकाणी पाठवला आणि प्रशिक्षकाचे नाव मात्र बदलावयाचे राहिले, तर त्या पत्राला केराची टोपली दाखवली जाते. आणि पत्र खेळाडूने स्वतः लिहावे. मुलाचे पत्र वडिलांनी लिहिले, तर त्यातून वडिलांची हौस कळते, मुलाची ओढ कळत नाही. पत्रासोबत खेळाची चार-पाच मिनिटांची चित्रफीत जोडतात. प्रशिक्षकाजवळ वेळ थोडा असल्यामुळे आपला उत्तम खेळ चित्रफितीच्या आरंभीच असावा, हे उघड आहे.

पत्राला तत्काळ उत्तर आले नाही, तरी खट्टू होण्याचे कारण नाही. पहिल्या श्रेणीच्या प्रशिक्षकाने, विद्यार्थ्याचे हायस्कुलातील दुसरे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी, त्याच्याशी निवडीसंबंधी बोलणे करू नये, असा नियम फुटबॉलसाठी २०१९ पासून आहे. त्यापूर्वी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांकडूनही तोंडी वचने घेतली जात. ज्या वयात आपल्याला पुढे काय शिकावयाचे, हेही ठाऊक नसते, त्या वयात एवढा मोठा निर्णय मुलांवर लादला जाऊ नये, म्हणून हे बंधन आले. अशा वेळी पत्र वाचलेले असूनही प्रशिक्षकाला गप्प राहावे लागते.

पत्र पोहोचले, प्रशिक्षक मैदानाच्या कडेला येऊन बसला. आता तो काय पाहतो? पुष्कळांची समजूत असते, की तो गोल मोजतो. खरे पाहता नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू अवघी काही मिनिटेच असतो. उरलेल्या वेळात तो खेळाडू काय करतो, यावरच जाणत्या प्रशिक्षकाची नजर असते. चेंडू दूर असताना तो मोकळी जागा हेरून तेथे जातो, की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? चेंडू येण्यापूर्वी मान वळवून भोवताली पाहतो काय? त्याच्या हातून चेंडू गेला, तर तो परत मिळवण्यासाठी मागे धावतो, की पंचाकडे पाहून हातवारे करतो? सोबत्याची चूक झाली, तर त्याच्या पाठीवर थाप देतो, की त्याच्यावर डोळे वटारतो? काही प्रशिक्षक तर राखीव खेळाडूंच्या बाकाकडेही लक्ष ठेवतात. बाहेर बसावे लागलेला खेळाडू सोबत्यांना उत्तेजन देतो, की तोंड फुगवून बसतो, हे पाहिले म्हणजे चार वर्षे त्याच्याबरोबर काम करणे कसे होईल, याचा अंदाज त्यांना येतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मैदानावरही खरेच आहे. आपण पाहिले जात आहोत हे कळताच जो सोबत्याला चेंडू न देता एकटाच धावत सुटतो, तो दिसतो खरा. परंतु निवडला जाईलच असे नाही.

पारख करणारी दुसरी नजर वर्गातील गुणांवर असते. पहिल्या श्रेणीत खेळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने हायस्कुलात भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र इत्यादी मुख्य विषयांचे १६ अभ्यासक्रम पुरे केलेले असावे लागतात. त्यांपैकी १० तर शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच झालेले असले पाहिजेत. शिवाय या अभ्यासक्रमांत चारपैकी किमान २.३ अशी सरासरी राखावी लागते. चेंडूवर कितीही हुकमत असली, तरी या अटी चुकल्यास पहिल्या वर्षी सामन्यांत उतरता येत नाही. जो खेळाडू केवळ पायांच्या भरवशावर राहतो, त्याची वाट पुस्तकांपाशी अडते.

एवढे सारे करूनही सर्वांना यश येत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. हायस्कुलात फुटबॉल खेळणाऱ्या शंभरांपैकी दहा जणांनाही या संघटनेच्या महाविद्यालयीन संघांत स्थान मिळत नाही. ज्यांना मिळते, त्यांतील अनेकांना पूर्ण शिष्यवृत्ती लाभत नाही. २०२५ पर्यंत पहिल्या श्रेणीतील पुरुषांच्या संघाला ९.९ आणि स्त्रियांच्या संघाला १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि तेवढ्या शिष्यवृत्त्या पंचवीस-तीस खेळाडूंत वाटून द्याव्या लागत. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी नवा नियम स्वीकारला. त्यात शिष्यवृत्त्यांऐवजी खेळाडूंची संख्या २८ पर्यंत मर्यादित केली आहे. तेव्हा जागा थोड्या आणि इच्छुक फार, ही स्थिती कायमच आहे. म्हणून समंजस विद्यार्थी असे महाविद्यालय निवडतो, की उद्या पाय दुखावला आणि खेळ सुटला, तरी तेथे शिकत राहणे त्याला आवडेल.

शिवाय मोठ्या नावाच्या विद्यापीठाने निवडले नाही, म्हणजे सारे संपले असेही नाही. ख्रिस वोंडोलोव्स्की हा कॅलिफोर्नियातील खेळाडू चिको येथील विद्यापीठाच्या संघात खेळला. तो संघ दुसऱ्या श्रेणीतील होता. २००५ साली तो व्यावसायिक संघात गेला, तेव्हा त्याची निवड बरीच मागाहून झाली होती आणि पहिली काही वर्षे त्याला फारशी संधीही मिळाली नाही. परंतु तो चिकाटीने खेळत राहिला. २०२१ साली तो निवृत्त झाला, तेव्हा अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत त्याच्या नावावर १७१ गोल होते. तेथपर्यंत दुसऱ्या कोणालाही तेवढे गोल करता आले नव्हते.

आणि मिया हॅमचे पुढे काय झाले? जन्मतःच तिचे एक पाऊल वळलेले होते आणि ते सरळ करण्यासाठी बालपणी उपचार करावे लागले होते. वडील हवाई दलात असल्यामुळे कुटुंबाचे बिऱ्हाड सारखे हलत असे. तीच मुलगी १९८७ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, राष्ट्राच्या संघातून खेळली. १९८९ मध्ये ती डोरन्स यांच्या विद्यापीठात दाखल झाली आणि तिच्या चारही हंगामांत विद्यापीठाने अजिंक्यपद मिळवले. १९९१ व १९९९ साली विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या संघात ती होती. राष्ट्रासाठी तिने १५८ गोल केले.

ती विद्यापीठात असतानाचा एक प्रसंग डोरन्स यांनी सांगितला आहे. एके दिवशी सकाळी ते मोटारीतून चालले होते. वाटेतील मैदानावर त्यांना एक आकृती दिसली. कोणी सोबतीला नाही, कोणी शिकवणारा नाही, अशी ती एकटीच वेगाने धावत होती. घामाने निथळून, गुडघ्यांवर हात टेकून दम घेत होती आणि पुन्हा धावत होती. ती मिया होती. डोरन्स थांबले नाहीत आणि त्यांनी तिला हाकही मारली नाही. त्यांनी जे पाहिले, ते चार ओळींत लिहून पुढे तिच्याकडे पाठवले. कोणीही पाहत नसताना मेहनत करणारी व्यक्ती हेच विजेत्याचे खरे रूप होय, असा त्या ओळींचा आशय होता.

पाच-सहा वर्षांपूर्वी सामन्यात पाहिलेल्या त्या धावेमागे काय दडले होते, हे त्या सकाळी त्यांना पुन्हा एकदा दिसले. आपल्यावर कोणाची नजर आहे, याची मियाला त्या वेळी दादही नव्हती.