वजन मोकळे की यंत्रातले?

बारामती-इंदापूरकडची पोलीस भरतीची तयारी करणारी मुले शिक्षकांना विचारतात, "सर, तालमीत मुद्गल, डंबेल्स करू की पैसे भरून जिमला जाऊ?" उत्तर शोधायला तरफेपासून सुरुवात करू.

कोपर काटकोनात वाकवून हातात 5 किलोचे डंबेल धरा. वजन कोपरापासून सुमारे 32 सेंमीवर, तर दंडाचा स्नायू जेमतेम 4 सेंमीवर जोडलेला. म्हणजे त्या डंबेलसाठी स्नायूला आठपट जोर लावावा लागतो! हात सरळ खाली सोडला, की हा भार जवळजवळ नाहीसा होतो. मोकळ्या वजनाचा भार असा कोनागणिक बदलतो.

यंत्रात वजन दोरी-कप्पीवरून येते. 1970 साली अमेरिकेत आर्थर जोन्स यांच्या यंत्रांत शंखाकृती चाक आले. त्याची त्रिज्या बदलती असल्याने भार स्नायूच्या क्षमतेनुसार कमीजास्त होतो. हालचालीचा मार्गही ठरलेला, त्यामुळे नवशिक्याला सोपे. मोकळे वजन मात्र उचलायचे आणि सावरायचेही. त्यात खांदा, पाठ, पोट सगळेच राबतात.

मग सरस काय? 2023 साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. स्नायूंची वाढ दोन्हींनी सारखीच दिसली. ताकद मात्र ज्या प्रकारचा सराव, त्या प्रकारात अधिक वाढते.

भरतीत मुलांना 7.260 किलोचा गोळा फेकायचा असतो, आणि तो मोकळाच असतो. तेव्हा फी परवडत नाही म्हणून कोणी खट्टू होऊ नये. जाणत्या वस्तादाच्या नजरेखाली, वजन हळूहळू वाढवत तालमीतच घाम गाळावा, आणि गोळाफेकीचा सराव वेगळा करावा.